तीन मिनिटांची जनेल

अमेरिकेतल्या नेब्रास्कात व्हॉलीबॉल म्हणजे जीव की प्राण. लोवेल कुचेराच्या गावात तर मॅच असली की हॉटेलवालासुद्धा दुकान बंद करून शाळेच्या जिममध्ये हजर. लोवेल शेतांना पाणी देणारी यंत्रं दुरुस्त करायचा. माणूस अबोल, पण लेकीची एकही मॅच त्याने चुकवली नव्हती. सगळ्यात वरच्या बाकावर कॅमेरा लावून बसायचा.

लेक जनेल बचावाची खेळाडू. समोरून तोफगोळ्यासारखा येणारा बॉल जमिनीला लागू द्यायचा नाही, हे तिचं काम. टाळ्या मात्र पॉइंट मारणारीला. म्हणूनच कॉलेजच्या संघात निवड व्हावी म्हणून तिथल्या कोचना पाठवायचा तीन मिनिटांचा व्हिडिओ झकास व्हायला हवा, हे लोवेलने मनावर घेतलं होतं. कोच मंडळींकडे असे ढिगाने येतात. मुलगी सुरुवातीलाच डोळ्यांत भरली नाही तर पुढचं कोण बघतं?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले.

"ही झेप बघ! हीच पहिली लावू," लोवेल म्हणाला.

"नको, काढ ती."

"काढ? अगं, सगळं जिम उभं राहिलं होतं!"

"काढ म्हटलं ना, डॅड."

पुढच्या झेपेलाही तेच. उभ्या उभ्या सहज उचललेले बॉल तेवढे तिला चालत होते. तिसऱ्यांदा तिने "काढ" म्हटलं, तेव्हा लोवेलने ते दृश्य तसंच पुढे चालू दिलं. झेप, बॉल वर, टाळ्या. मग जनेल उठली. हात टेकून, सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय ओढत. त्याने आधीची दोन्ही पुन्हा लावली. तसंच.

"कधीपासून?"

"ऑगस्टात शाळा सुरू झाल्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर खेळू दिलं असतंस?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "उठायच्या आधी कापलं तर कुणाला कळतसुद्धा नाही."

खरंच कळलं नसतं. क्षणभर लोवेलच्याही मनात ते आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. इतक्या मॅच पाहिल्या, पण त्याची नजर बॉलच्या मागे. त्याने लॅपटॉप मिटला.

डॉक्टर झाले, ऑपरेशन झालं, सीझन गेला. जनेल आठवडाभर बापाशी बोलली नाही. "झालं समाधान?" एवढंच एकदा कुबड्यांवरून जाता जाता म्हणाली.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मात्र तिने स्वतःच लॅपटॉप उघडला. सगळ्या झेपा परत घातल्या, उठण्यासकट. आणि सुरुवातीलाच लिहिलं: डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

"निम्मे कोच इथेच बंद करतील," लोवेल म्हणाला.

"करू देत. तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. मिनेसोटातल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचबाईंनी तेवढा फोन केला. "पहिलं वर्ष न खेळता बाकावर बसावं लागेल हं, पोरी. चालेल?" जनेलने बापाकडे न बघताच होकार दिला.

दुसऱ्या वर्षी ती खेळली. सगळ्या मॅच नाही, पण खेळली. थंडीत गुडघा अजून ठणकतो. घरी फोन केला की आता ती आधी गुडघ्याचं सांगते, मॅचचं नंतर.