सात वर्षांची फट

पत्र्याच्या कारखान्यात तिला सगळे ‘कोपरेवाली’ म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. आवडणारच! ट्रेच्या चारी भिंती वर वाकवायच्या, त्यांच्या कडा पुन्हा आत वळवायच्या आणि चारही कोपऱ्यांत त्या तिरक्या कापून फोटोफ्रेमसारख्या एकमेकींना भिडवायच्या, हे संगणकावर करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. ही मात्र चहा गार व्हायच्या आत कोपरे जुळवून मोकळी. स्क्रीनवर ट्रे गरागरा फिरवायची, बटण दाबून सपाट उलगडायची, पुन्हा दुमडायची. तयार ट्रे दिसला की कोपऱ्यावरून बोट फिरवून, नाक वर करून खुर्चीत परतायची.

नवरा त्याच कारखान्यात वेल्डर. बोलण्यात महाकंजूस. घरी ती कोपऱ्यांच्या बढाया मारायची आणि तो भाजी चिरता चिरता “हो ना” म्हणायचा. सात वर्षं नुसतं “हो ना”.

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसवलं आणि त्याच्या जागी बदली वेल्डर आला. माणूस फटकळ. तिसऱ्या दिवशी तो एक ट्रे घेऊन थेट तिच्या टेबलाशी आला आणि कोपऱ्यात करवतीचं पातं घालून त्याने ते आरपार हलवून दाखवलं.

“बाई, ही फट कोण भरणार?”

“फट? माझ्या कोपऱ्यात?”

“चारही कोपऱ्यांत. तुमचे हे म्हणे तार वितळवून भरायचे आणि घासून गुळगुळीत करायचे. पत्रा वाकवणाऱ्या प्रेसवाल्याला विचारा. सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच तेवढं कोणी बोललं नाही.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे इतकी वर्षं ती ज्याच्यावर बोट फिरवत होती, ती नवऱ्याने घातलेली भर होती!

“अहो,” घरी शिरता शिरताच तिने विचारलं, “माझे कोपरे तुम्ही भरत होतात?”

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. “जरासंच तर असायचं.”

“मग सांगायचं ना मला!”

“तू इतकी खूश असायचीस...”

यावर माणसाने भांडायचं तरी कसं? वाईट हेतूने केलेलं असतं तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्याच आठवड्यात एका प्रयोगशाळेकडून साठ ट्रेचं काम आलं. मालक म्हणाले, “वेल्डर परत येऊ दे, मग घेऊ. त्याने भरलेली फट कुणाला दिसत नाही.”

“साहेब, ते यायच्या आत साठही ट्रे होतील. भरायला काही उरणारच नाही.”

रागात बोलून तर गेली. मालकांनीही तिथल्या तिथे शब्दात पकडलं: नाही जमलं तर ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायचं आणि तिने परत पॅकिंगला बसायचं. सात वर्षांपूर्वी ती तिथूनच वर आली होती.

आता पंचाईत अशी की स्क्रीनवर कोपरा चोख जुळत होता. चूक दिसेल तर सुधारणार ना! शेवटी ती खुर्ची सोडून दिवसभर प्रेसपाशी उभी राहिली, सात वर्षांत पहिल्यांदाच. आणि तिथे तिला दिसलं. प्रेसखाली पत्रा आतून चांगलाच गोल वळत होता. तिच्या मॉडेलमधली वळणं त्याहून कितीतरी टोकदार होती. वळण किती गोल धरायचं हा आकडा सॉफ्टवेअरसोबतच आला होता आणि तिने तो ब्रह्मवाक्य मानून कधी हातही लावला नव्हता.

तिने बरोबर शंभर मिलिमीटरच्या पाच पट्ट्या कापून घेतल्या, मधोमध वाकवून घेतल्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजू मोजून बेरीज केली. पाचही वेळा सॉफ्टवेअरच्या हिशेबापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर जास्त! तेवढ्यानेच ट्रेच्या भिंती बाहेर सरकत होत्या आणि कोपरे उघडे पडत होते. तिने खरा आकडा भरला, पत्रा कापायला दिला, वाकवून घेतला. आता कडा एकमेकींवर आपटून अडकल्या. प्रेसवाला पोट धरून हसला. घाईघाईत तिने तोच फरक दोन ठिकाणी वजा केला होता.

“हसा, हसा,” ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनपुढे बसली.

दुसरा ट्रे आला. बदली वेल्डरने कोपऱ्याला पातं लावलं. जाईना. दुसऱ्या कोपऱ्याला लावलं. तिथेही जाईना. त्याने तिच्याकडे पाहिलं, पातं खिशात घातलं आणि म्हणाला, “लावा उरलेले कापायला.”

नवरा कामावर आला त्या सकाळी एकोणसाठ ट्रे जोडून रांगेत उभे होते. साठावाही वाकवून तयार होता, पण जोडायला तिने तो मुद्दाम त्याच्यासाठी ठेवला होता. सवयीने त्याचा हात तारेकडे गेला आणि थांबला. त्याने ट्रे उचलून खिडकीसमोर धरला. कोपऱ्यातून उजेड येत नव्हता. खिशातलं बसचं तिकीट काढून कडेशी खुपसलं. ते दुमडलं, पण आत गेलं नाही. मग त्याने तार जागेवर ठेवून दिली, नुसत्या ठिणगीवर कोपरा सांधला आणि तोंडावरची काच वर केली. डोळे ओले होते, ते काही वेल्डिंगने नव्हे.

आणि तो महाकंजूस माणूस अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा ओरडला, “अरे, इकडे या सगळे! हा कोपरा हिचा आहे! मी काहीसुद्धा भरलेलं नाही!”

तिने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. नाक इंचभर वर गेलं.

“हो ना,” ती म्हणाली.