अमृत आवळे यांचं त्रैक्य

१४ मार्च १९९९, रविवार. पलूसजवळच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीने आपले उपदेशक अमृत आवळे यांच्या हातात एक हजार एकशे चाळीस रुपये ठेवले आणि त्यांना कामावरून मोकळं केलं. पैसे त्या महिन्याच्या मानधनाचे होते आणि हिशेबात काही खोट नव्हती. खोट निघाली होती ती आवळ्यांच्या शिकवणुकीत.

प्रकार घडला होता उसाच्या बांधावर. शेजारचे जोतिबा पवार फौजेतून निवृत्त होऊन आले होते आणि उसाला पाणी पाजत होते. त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, येक इचारू? तुमचा देव येक हाय का तीन?"

"एकच. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं. त्याला त्रैक्य म्हणतात."

"मजी आमच्या औदुंबरच्या दत्तावानी म्हणा की."

आवळ्यांना घरी जायची घाई होती. "व्हय, तसंच समजा," म्हणून ते निघाले.

जोतिबांना याचा लय आनंद झाला. मास्तरांचा देव नि आपला देव एकाच घरातला निघाला, असं त्यांनी चावडीपासून दूध डेअरीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. बातमी सांगलीला रेव्हरंड शमुवेल लोंढे यांच्या कानावर गेली. लोंढे या मंडळीचे पाळक होते. ते लगेच आले.

"दत्तात तीन दैवतं एकत्र येतात," लोंढे भरल्या मंडळीत म्हणाले. "आपण तीन देव मानतच नाही. सत्त्व एक, व्यक्ती तीन. एवढं ज्याला सांगता येत नाही, त्याने उपदेशक कशाला व्हावं?"

त्या मंडळीची एक जुनी रीत होती. ज्याची शिकवण चुकली, त्याने वेदीपुढच्या लाकडी कठड्यापाशी उभं राहायचं, सगळ्यांकडे तोंड करायचं आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. आवळे उभे राहिले. पहिल्याच बाकावर त्यांची मुलगी बसली होती. ती मान वर करीना. आवळ्यांचं बोलून झालं तेव्हा लोंढे म्हणाले, "जरा मोठ्याने. मागे ऐकू आलं नाही."

आवळ्यांनी पुन्हा सांगितलं. उपदेशकाचं काम गेलं याचं दुःख त्यांनी पचवलं असतं. ते 'जरा मोठ्याने' मात्र घशातच अडकून राहिलं.

पुढे त्यांना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी लागली. उसाच्या गाड्या मोजता मोजता त्यांनी बाहेरून तत्त्वज्ञानाचं एम. ए. केलं. सुट्टी आली की साताऱ्याच्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. वाचायचे फक्त मध्ययुग, आणि त्यातही त्रैक्य. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका तत्त्वज्ञाला याच विषयावरून धर्मसभेपुढे उभं केलं होतं आणि त्याचं पुस्तक त्याच्याच हाताने आगीत टाकायला लावलं होतं. हे वाचलं त्या दिवशी आवळे जेवले नाहीत. त्या माणसाला त्यांनी मनोमन आपला थोरला भाऊ मानलं.

"कुणाच्या नवऱ्याला दारू लागते, कुणाच्या नवऱ्याला पत्ते," त्यांची बायको सुवार्ताबाई म्हणायची. "माझ्या नवऱ्याला त्रैक्य लागलंय. आणि तेही देवासाठी नाही, लोंढ्यांसाठी."

हे खरंच होतं. लोंढ्यांना त्या कठड्यापाशी उभं करायचं, एवढीच आवळ्यांची इच्छा होती. लोंढ्यांची त्याच वर्षी दूर बदली झाली, तरी त्यासाठी आवळ्यांनी मंडळी सोडली नाही. दर रविवारी ते तिसऱ्या बाकावर बसत आणि वाट बघत.

२०२५ च्या जूनमध्ये त्रैक्य रविवारी, म्हणजे उपदेश त्रैक्यावरच असतो त्या रविवारी, लोंढे पाहुणे म्हणून आले. ऐंशीला टेकलेले, हातात काठी, सोबत मुलगी. उपासनेनंतर गावजेवण होतं, म्हणून जोतिबाही येऊन मागच्या बाकावर बसले होते. वयाने त्यांना आता कमी ऐकू येत होतं.

"सोपं आहे," लोंढे सांगू लागले. "मी घरी बाप, आईचा मुलगा, शाळेत शिक्षक. माणूस एकच. तसाच देव."

पाहुण्याला प्रश्न विचारायची मुभा मिळताच आवळे उठले.

"साहेब, तुमचा माणूस एकच आहे, नाती तेवढी बदलतात. मग पुत्राने, म्हणजे येशूने, गेथशेमाने बागेत पित्याची प्रार्थना केली, ती कुणाची? स्वतःचीच? सत्त्व एक, व्यक्ती तीन, असं तुम्हीच शिकवलंत. तुमच्या उदाहरणात तर व्यक्तीही एकच."

लोंढे हसले. "चुकलं खरं."

"मग आपली रीत आहे."

सेक्रेटरी केरबा मोहिते कळवळून म्हणाले, "आवं मास्तर, पाहुणं हाईत. जेवणं थंड व्हायलीत."

"माझ्या वेळी गरम होती काय?"

लोंढे काठी टेकत कठड्यापाशी गेले, वळले आणि आपली शिकवण चुकल्याचं त्यांनी सांगितलं.

"जरा मोठ्याने," आवळे म्हणाले. "मागे ऐकू आलं नाही."

लोंढ्यांनी पुन्हा सांगितलं. आवळ्यांना वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. पण लोंढे जागेवर परतले नाहीत.

"बरोबर दृष्टान्त तुम्ही द्या," ते म्हणाले.

आवळे तयारच होते. "मध्ययुगातल्या एका मठाधिपतीचा आहे. झरा, नदी आणि तळं. आपण कृष्णा घेऊ. महाबळेश्वरचा झरा, खाली वाहणारी नदी, धोमचा तलाव. पाणी एकच. पण झरा म्हणजे नदी नव्हे आणि नदी म्हणजे तलाव नव्हे."

"सुंदर. आधी काय, झरा की नदी?"

"झरा."

"म्हणजे आधी पिता, आणि पुत्र मागाहून? पुत्र तर अनादी आहे, मास्तर."

हा दृष्टान्त पुरा पडत नाही, असं त्या मठाधिपतीनेही पुढे लिहिलं होतं. ते पान आवळ्यांनी वाचलं होतं आणि उलटलं होतं.

लोंढे कठड्यापाशी थोडे बाजूला सरकले. दुसऱ्या माणसापुरती जागा झाली. सगळी मंडळी आवळ्यांकडे बघत राहिली. रीतीचा विषय त्यांनीच काढला होता. ते गेले, उभे राहिले आणि पुटपुटले.

मागच्या बाकावरून जोतिबांनी कानाला हात लावला. "मास्तर, जरा मोठ्यानं. हिकडं काय बी कळंना."

सगळे हसले. सुवार्ताबाईही हसल्या. आवळ्यांनी मोठ्याने सांगितलं.

जेवणं झाल्यावर लोंढे त्यांच्याजवळ आले. "दत्ताचा दाखला देणारे ते तुम्हीच काय? मला किस्सा आठवतो. नाव विसरलो होतो."

सव्वीस वर्षं ज्याला उराशी धरून आवळे झोपले, त्याला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

फाटकात रिक्षा थांबली होती. किर्लोस्करवाडी स्टेशनला जायला सुट्ट्या पैशांत तीस रुपये कमी पडत होते. लोंढ्यांकडे पाचशेची नोट होती आणि रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते, फोनवर पैसे घ्यायची सोयही नव्हती. आवळे पुढे झाले आणि त्यांनी तीस रुपये रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले.

"काका, नंबर सांगा, आत्ता पाठवते," लोंढ्यांची मुलगी मोबाइल काढत म्हणाली.

"फोनवर नको. साहेबांना स्वतः आणून देऊ द्या. आणि नाव विचारत या म्हणावं, अमृत आवळे."

रिक्षा गेल्यावर सुवार्ताबाई म्हणाल्या, "तीस रुपयांसाठी तो म्हातारा परत येईल होय?"

"न येऊ दे. देणेकरी तरी राहील."

लोंढे त्यानंतर पलूसला आलेले नाहीत. त्यांच्याकडून अमृत आवळे यांचे तीस रुपये येणे आहेत.