नारळ निवडणारा कान

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत नशिबाला न जुमानणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे आतोबा. आणि नशिबाने त्यांच्याइतका हरवलेला माणूसही दुसरा नाही. रेल्वेच्या बुकिंग खिडकीतून निवृत्त झाल्यावर पत्ते, आकडा, लॉटरी यांना नावं ठेवणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग झाला. "त्यात डोकं कुठं लागतं?" असं ते विचारतात. त्यांचा खेळ एकच, नारळी पौर्णिमेला गावच्या नाक्यावर होणारी नारळफोडी. एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा; ज्याचा फुटेल त्याने तो समोरच्याला द्यायचा. आमचं बाकीचं मसोली गाव याला मौज समजतं. आतोबा याला शास्त्र समजतात.

नारळ निवडायला ते डहाणू रोडच्या बाजारात जातात, तिथे मनासारखा मिळाला नाही तर वाणगावला. नारळ कानाशी धरून अंगठीने टिचकी मारतात, मग पुढच्या दातांवर हलकेच आपटून डोळे मिटतात. दुकानदार वैतागतो. "काका, नारळ घ्या ने. मुलाखत कशाला घेता?" आतोबा पुढचा उमेदवार उचलतात. इतका पारखलेला नारळ बहुधा पहिल्याच टोल्याला फुटतो. त्याची कारणं खाडीकडचा वारा, समोरच्याचा ओला हात, पंचांची घाई अशी असतात. स्वतःचा कान किंवा हात हे कारण कधीच नसतं. एका वर्षी निवडलेला नारळ आत्याने चुकून नारळीभातासाठी फोडला आणि डब्यामागे पडलेला दुसरा त्यांच्या हाती दिला. त्या नारळाने नाका गाजवला. "न बघता दिला होता हो," आत्या म्हणाली. "हात कोणाचा होता?" आतोबांनी विचारलं.

यंदा त्यांना ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावायला सांगितलं. ते अजून डबीतच आहे. "यंत्राने निवडलेला नारळ यंत्राचा. मग मी तिथे काय करू, त्याला हार घालू?" आत्या हळूच म्हणाली, "यंदा राहू द्या मग." शब्द पोचले नसतील, पण तिचा चेहरा त्यांनी वाचला. "राहू देणार नाही," ते म्हणाले. कान गेला की निवड गेली, आणि निवड गेली की उरतं ते नशीब. त्याच्या दारात उभं राहायची त्यांची तयारी नव्हती.

दुकानात ते एकेक नारळ कानाशी नेत राहिले. टिचकी पूर्वीसारखीच नेमकी होती, चेहरा मात्र कोरा. यंदा दुकानदारच पुढचा नारळ त्यांच्या हातात देत होता. शेवटी दोन-चार नारळ त्यांनी सोबत आलेल्या माझ्या कानाशी धरून वाजवले. "तू सांग."

मला सगळे सारखेच वाजले. "हा," मी म्हणालो.

नाक्यावर तो पहिल्याच टोल्याला फुटला. मी तोवर वाऱ्याची दिशा पाहून ठेवली होती. आतोबांनी दोन्ही शकलं समोरच्याच्या ओंजळीत ठेवली, हात पँटला पुसला आणि माझ्याकडे बोट करून सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "याचा कान चोख आहे. माझाच हात हलला."