खुणेचे सात रवे

१७ जून २००२ रोजी, सोमवारी, राजारामपुरीतल्या एका जिन्याखालच्या खोलीत तीन हजार चारशे पासष्ट रुपयांचा करार झाला. हस्तलिखिताची दोनशे एकतीस पाने, दर पानी पंधरा रुपये, तीन हप्ते. एका बाजूला सोमशेखर गुरुपाद हत्तरकी, दुसऱ्या बाजूला विमला नृसिंह सबनीस. करार स्टँपावर करावा असे सोमशेखर यांचे म्हणणे होते.

"अहो अण्णा," विमलाबाई म्हणाल्या, "मी तुमची कादंबरी तपासणार आहे, तुमचा प्लॉट लिहून घेत नाही."

सोमशेखर हसले नाहीत. शेवटी साध्या कागदावर भागले, पण दोन प्रतींत.

शाहूपुरीच्या गूळ बाजारात, हंबीररावांच्या अडतीत, सोमशेखर एकतीस वर्षे दिवाणजी होते. सगळा बाजार त्यांना दिवाणजीच म्हणे. बी. कॉम. झालेला माणूस अडतीत सहसा टिकत नाही. हे टिकले, कारण यांचा कोणावर विश्वास नव्हता आणि हंबीररावांना नेमका तसाच माणूस हवा होता. नवा तोलाईदार आला की दिवाणजी गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, आधी स्वतः तोलत, त्याच्या किंतानाच्या वेष्टनावर पेन्सिलीने बारीक फुली मारत आणि तो मालात मिसळून देत. त्याचे वजन तोलाईदाराने बरोबर पुकारले तर माणूस ठेवायचा. नाहीतर दुपारच्या आत हिशेब देऊन वाटेला लावायचा. याला अडतीत खुणेचा रवा म्हणत. सहा तोलाईदार त्या फुलीने घालवले होते.

अशा माणसाने कादंबरी लिहावी याचे त्यांच्या उचगावात पुष्कळांना नवल वाटले असते, पण कोणाला सांगितलेच नव्हते. त्यांची आई १९९१ च्या ३१ मार्चला वारली. दिवाणजी त्या दिवशी वर्षअखेरीच्या खतावण्या बंद करत होते, निरोप आला तेव्हा म्हणाले, "एवढी तेरीज जुळली की निघतो." खात्यांची तेरीज जुळली. आई तोवर थांबली नाही. त्यानंतर नऊ वर्षे त्यांनी रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन-तीन ओळी लिहिल्या. गोष्ट एका मुलाची आणि त्याच्या आईची. हे एकच पुस्तक आपल्या हातून होणार आहे, ते कोणी लाटू नये आणि कोणी नासवू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

काळजीला कारणही घडले होते. पुण्याच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित एकोणीस महिने ठेवून घेतले आणि परत पाठवले ते एक्केचाळिसावे पान गाळून. एक्केचाळिसाव्या पानाचे पुण्यात काय झाले असेल, याचा दिवाणजींनी सहा महिने विचार केला. मग ते पान पुन्हा लिहून काढले आणि ठरवले, आपल्या पैशाने छापायचे. छापखानेवाला म्हणाला, आधी कोणाच्या तरी नजरेखालून घाला, आणि विमलाबाईंचा पत्ता दिला. बाई घरबसल्या पुस्तके तपासून देत. भाषाही बघत, आणि गोष्ट कुठे लंगडते तेही सांगत.

"घरबसल्या," दिवाणजी बायकोला म्हणाले. "ऑफिस न्हाई, पाटी न्हाई. उद्या कुणाच्या नावावर छापलं तर कुणाला धरायचं?"

"तुमचं कोण चोरतंय वो?" रत्नव्वा म्हणाल्या. "चोराला बी वाचाय लागंल की ते आधी."

दिवाणजींनी आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. एका वेळी दोनच प्रकरणे द्यायची, पावती घेऊन. ती परत आल्याशिवाय पुढची नाहीत. शिवाय बाई खरोखर वाचतात की नुसती तांबडी पेन्सिल फिरवतात हे कळायला हवे. म्हणून हस्तलिखितात सात ठिकाणी त्यांनी मुद्दाम चुका घातल्या. मलकापूरला निघालेली एस.टी. उलट्या वाटेने नेली. एका बैलाचा रंग बदलला. धाकट्या भावाचे वय चार वर्षांनी घटवले. आणि आई बाराव्या प्रकरणात वारलेली असताना सतराव्यात, एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर, एक वाक्य घुसवले: मुलगा बाजारातून आला, चपला काढल्या, आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. सातही चुकांची यादी एका डायरीत लिहिली आणि डायरी कपाटात कुलूपबंद केली.

काम सुरू झाले. विमलाबाई प्रत्येक शंकेला एक चिठ्ठी जोडत. चिठ्ठीवर पानाचा क्रमांक, शंका, आणि खाली लेखकाच्या सहीला जागा. दर शनिवारी दिवाणजी जात, चिठ्ठ्या मोजत, प्रत्येकीवर सही करत आणि आपली प्रत फाइलला लावत.

ऑगस्टमध्ये एकदा ते न कळवता बुधवारीच गेले. दाराशी पोचले तर आतून एका पुरुषाचा आवाज येत होता. दिवाणजी जिन्याच्या आडोशाला थांबले. आवाज त्यांचीच वाक्ये म्हणत होता. नवव्या प्रकरणातली, जशीच्या तशी. आत कोणी उतरून घेत असणार. त्यांनी दार ढकलले.

आत खाटेवर विमलाबाईंचे यजमान नृसिंहराव पाने हातात धरून वाचत होते आणि बाई डोळे मिटून, पेन्सिल कानाला लावून ऐकत होत्या.

"हे काय चाललंय?" दिवाणजींनी विचारले.

"तपासणी," बाई डोळे उघडून म्हणाल्या. "हे वाचतात, मी ऐकते. यांचा श्वास जिथे तुटतो तिथे तुमचं वाक्य लांब झालेलं असतं. मास्तर होते, छाती मजबूत आहे. तुमच्या वाक्यांनी मात्र यांना दोनदा पाणी प्यायला लावलं."

"तिसऱ्या माणसानं वाचायचं करारात न्हाई."

"हे तिसरे नाहीत हो, हे घरचेच आहेत," बाई म्हणाल्या. नृसिंहराव म्हणाले, "पावणं, बसा तर. तुमची म्हातारी आता आजारी पडायला लागलीय, तेवढं संपवूया."

दिवाणजी बसले. आपल्या आईचे आजारपण परक्याच्या आवाजात त्यांनी पूर्ण ऐकले. जाताना पाने मात्र मोजून घेतली.

फेब्रुवारीत पुस्तक छापून आले, पाचशे प्रती. उचगावच्या घरात कॉटखाली, माळ्यावर, देवघराच्या बाजूला गठ्ठे लागले. दिवाणजींनी पहिली प्रत उघडली ती डायरी शेजारी ठेवूनच. वजन पुकारून होईपर्यंत खुणेचा रवा बघायचा नाही, या अडतीतल्या शिस्तीने डायरी तोवर कुलपातच होती. एस.टी. सरळ वाटेला लागली होती. बैलाचा रंग, भावाचे वय, सगळे जागेवर. सहा चुका गेल्या होत्या. सातवी तशीच छापली होती. मेलेली आई पाण्याचा तांब्या पुढे करून उभी होती, पाचशे प्रतींत.

"बघ," ते रत्नव्वांना म्हणाले, "म्हनत न्हवतो? शेवटाला बाई दमली. वाचलंच न्हाई."

शेवटचा हप्ता अकराशे पंचावन्नचा होता. त्यांनी अकराशे चाळीस मोजून दिले.

"एक पान कमी धरलंत का?" विमलाबाईंनी विचारले.

"दोनशे तीस धरल्यात."

"कुठलं पान गेलं?"

"ते तुमाला ठावं असाय पायजे." खुणेचा रवा कुठला हे सांगायची पद्धत नव्हती. बाईंनी पावतीवर सही करून दिली.

रत्नव्वा कधी पुस्तक वाचणाऱ्या नव्हत्या. पण घरात जिकडे तिकडे तेच. निवडणे-टिपणे झाले की दुपारी चार पाने वाचू लागल्या. एप्रिलमध्ये एका दुपारी दिवाणजी जेवायला आले तर त्या पुस्तक मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या. ताट वाढलेले नव्हते.

"काय झालं?"

"ह्या हितं," त्या म्हणाल्या, "तो घरी येतोय आन् अत्ती, तुमची आई, तांब्या देतीया. मेलेली हाय की ती. तरी बी देतीया." त्यांनी डोळे पुसले. "तुमाला असं दिसत हुतं व्हय? मला कवा बोलला न्हाईसा ते."

"चूक हाय ती."

"कसली चूक? अख्ख्या बुकात येवडंच तर खरं लिवलंय तुमी."

दिवाणजींना राग आला. चूक ती चूक, हे सिद्ध करायला त्यांनी चिठ्ठ्यांची फाइल काढली. चौऱ्याण्णव चिठ्ठ्या. बाईंनी सतराव्या प्रकरणाला हात लावला नव्हता, हे त्यांना दाखवायचे होते. एकाहत्तरावी चिठ्ठी निघाली. विमलाबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: पान १८७. आई बाराव्या प्रकरणात गेली आहे, इथे ती पाणी देते. आधी चूक वाटली. यजमान वाचताना थांबले, मीही थांबले. त्याला ती सवयीने दिसली असावी. ठेवत आहे. नको असल्यास कळवावे.

खाली सही होती. सो. गु. हत्तरकी, तारीख २६ ऑक्टोबर, शनिवार.

दिवाणजींनी त्या शनिवारी चिठ्ठ्या मोजल्या होत्या. अकरा होत्या, अकरांवर सह्या केल्या होत्या. वाचली एकही नव्हती.

संध्याकाळी ते राजारामपुरीत गेले. पंधरा रुपये टेबलावर ठेवले. "त्या पानाचे."

"कुठल्या?"

"एकशे सत्त्याऐंशी. तुमची चिठ्ठी माझ्या वाचण्यात आली न्हवती."

"सही आहे तुमची तिच्यावर." बाई बोलता बोलता थांबल्या. "म्हणजे ते वाक्य चुकीचं म्हणून पैसे कापलेत? मग लिहिलंत कशाला?" दिवाणजी टेबलावरच्या नोटा सरळ करू लागले. बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "मला तपासायला? एस.टी.ची उलटी वाटही त्यातलीच?"

"एकूण सात हुत्या," दिवाणजी म्हणाले.

आतून नृसिंहराव मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत.

"आईला मध्ये घातलंत त्यासाठी," त्या म्हणाल्या.

दिवाणजींनी टेबलावरच्या नोटांकडे पाहिले. "पावती देता न्हवं?"

"देते की." बाईंनी पावतीपुस्तक ओढले आणि लिहीत लिहीतच वाचून दाखवले. "लेखकाने चिठ्ठी न वाचता सही केल्यामुळे कापलेले पान १८७ चे रुपये पंधरा परत मिळाले. करा सही, लेखक म्हणून."

"येवढं लिवायची काय गरज? नुसतं पंधरा मिळाले म्हना."

"तपशिलाशिवाय पावती म्हणजे नुसता कागद, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत, अण्णा."

दिवाणजींनी पावती वाचली. दोन वेळा, शेवटपर्यंत. वाचल्यावर सही करणे त्यांना जमेना, आणि पावतीशिवाय पैसे देणे त्यांनी एकतीस वर्षांत केले नव्हते. त्यांनी नोटा उचलून खिशात ठेवल्या आणि नमस्कार करून निघाले.

पुढच्या वर्षी ३१ मार्चला ते निवृत्त झाले. पुस्तकाच्या तीनशे बारा प्रती शिल्लक आहेत. विमलाबाईंचे पंधरा रुपये अजून देणे आहेत.