आठ घड्यांचा सर्व्हर

वहिनींच्या दुकानाचा डेटाबेस एका कासवाने पाडला, आणि ते कासव भाऊजींचं होतं.

दुकान शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं. बंद पडलेल्या कंपन्यांच्या, मालकालाही ज्यांचं नाव आठवत नाही अशा मशीनचे भाग तिथे मिळतात. कुठला भाग कुठल्या मशीनला बसतो याची सगळी यादी, म्हणजेच तो डेटाबेस, फोटोंसकट दुकानाच्या वेबसाइटवर आहे, आणि गावोगावचे दुरुस्ती करणारे कारागीर ती दिवसभर उघडून बघत असतात. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि 'जरा मदत' म्हणून दुकानात येऊ लागले. त्यांना वेबसाइटचा पासवर्ड दिला होता तो भागांचे फोटो चढवण्यापुरता. पण एवढी ऐसपैस जागा नुसत्या सुया आणि बॉबिननी कशाला भरायची, असं वाटून त्यांनी एका कोपऱ्यात आपल्या कासवाचं पान सुरू केलं. कासव टोमॅटो खातं. कासव टोमॅटोवर रुसतं. कासव टोमॅटोवर डोकं ठेवून झोपतं. हा शेवटचा व्हिडिओ लोकांना एवढा आवडला की त्यांनी तो एकमेकांना पाठवला, त्या एकमेकांनी आणखी एकमेकांना पाठवला, आणि पाहणाऱ्यांचा आकडा जसा वर चढला तसे भाऊजीही खुर्चीत वर सरकत गेले.

दुकानाची यादी मात्र खाली बसली. कारण ती होती सामाईक सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे कुठल्याशा थंडगार खोलीत अखंड चालू असलेला संगणक, आणि सामाईक म्हणजे त्या एका संगणकात शेकड्याने बिऱ्हाडं. एका बिऱ्हाडाच्या दारात गर्दी झाली की सर्व्हरवाले बाहेरून कडी घालतात. ती वहिनींच्या दाराला पडली. आणि नेमक्या त्याच वेळी एका कपड्यांच्या कारखान्यातली मशीनं सांभाळणारे साहेब वहिनींची यादी पहिल्यांदा उघडून बघत होते.

साहेबांचा फोन आला. आवाज सभ्य होता.

"बाई, आमचं एक मशीन थांबलं की मागची अख्खी रांग हातावर हात ठेवून बसते. भाग शोधायला गेलो तर पांढरा पडदा दिसला. पुढच्या शुक्रवारी सकाळी पुन्हा बघतो. चाललं तर तुमच्याकडून घेऊ, नाहीतर मोठ्या कंपनीला सांगतो."

वहिनी ओरडत नाहीत. चष्मा काढून पुसतात. त्या दिवशी त्यांनी तो एवढा पुसला की काच झिजेल असं भाऊजींना वाटलं.

"भाऊजी, ते कासव घरी न्या."

"घरीच आहे ते, वहिनी."

"मग त्याचा व्हिडिओही घरी न्या."

बोलणं तेवढंच झालं. पण भाऊजींना ठाऊक होतं की काय पणाला लागलंय. काउंटरवर हल्ली माणसं येत नव्हती. कारखाना मिळाला नाही तर दुकानाची पुढची बाजू भाड्याने द्यायची, असं दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, घरात बोलून दाखवलं होतं. दादा मागच्या खोलीत दुरुस्ती करतात, त्यांना खिडकीजवळचं एक टेबल पुरतं. पुढची बाजू म्हणजे वहिनींचा काउंटर.

त्या काउंटरवर वहिनी लग्नानंतर लगेच उभ्या राहिल्या. सुरुवातीला दादांना डबा द्यायला यायच्या आणि गिऱ्हाइकाला जरा थांबवून ठेवायच्या. थांबवता थांबवता त्यांनी अख्खं दुकान डोक्यात भरून घेतलं. कोणी नुसतं म्हणालं, "आमच्या मशीनचं शटल कुरकुरतंय," की वहिनी विचारायच्या, "उजवीकडे की डावीकडे?" आणि पाठ न वळवता कपाटातून भाग काढून द्यायच्या. मग एकदा त्या तापाने अंथरुणाला खिळल्या आणि दुकान मुकं झालं. दादा एकेक भाग हातात घेऊन पलंगाशी यायचे आणि विचारायचे, "अगं, हे कशाचं?" ताप उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी आजारी पडले तर चालेल, दुकानाने पडायचं नाही." आणि त्यांनी कपाट उघडून पहिल्या भागाचा फोटो काढला. शेवटच्या भागाचा फोटो काढेपर्यंत त्यांना दुसरा चष्मा लागला होता.

म्हणून तर पांढरा पडदा त्यांना एवढा झोंबला.

डेटाबेस बांधून देणाऱ्या माणसाला बोलावणं गेलं. काम सांगितलं की हा 'होईल' म्हणतो, काम झालं का असं विचारलं तरी 'होईल' म्हणतो, त्यामुळे दुकानात त्याचं नावच होईल पडलं आहे.

"काकू, तुम्हाला आता स्वतंत्र सर्व्हर हवा," होईल म्हणाला. "अख्खा संगणक तुमचा. शेजारी कोणी नाही."

"शुक्रवारच्या आत?"

"होईल."

मग भाऊजी पेटले. झालेली चूक भरून काढायची तर अशी काढू की वहिनींनी चष्मा डोळ्यांवरच ठेवावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. घरोघर सर्व्हर विकत असल्यासारखे कागद त्यांनी काउंटरवर पसरले. "हा बघा वहिनी, ह्याच्यात प्रोसेसरच एवढे आहेत की अख्ख्या शाळेला एकेक वाटला तरी उरतील. घेऊन टाकू."

"प्रोसेसर करतो काय?" वहिनींनी होईलला विचारलं.

होईलने इकडेतिकडे बघितलं आणि दुकानच कामाला लावलं. "प्रोसेसर म्हणजे काउंटरवरचा माणूस. मेमरी म्हणजे काउंटर. डिस्क म्हणजे मागची कपाटं. जे काउंटरवर मांडलेलं असतं ते हात लांबवला की मिळतं. नसलं तर कपाटापर्यंत खेप."

वहिनींनी थोडा विचार केला. "आपली सगळी यादी काउंटरवर मावेल एवढा काउंटर मिळतो?"

"होईल. म्हणजे मिळेल."

"मग मला दहा माणसं कशाला? उभी राहून गप्पा मारतील. माणसं दोन द्या, काउंटर लांबलचक द्या. आणि कपाट जळलं तर?"

"दोन डिस्क घ्यायच्या. दोन्हींत तोच माल. एक गेली तरी दुसरी चालू. शिवाय रोज एक प्रत दुसऱ्या गावातल्या संगणकावर."

भाऊजींनी आपल्या सर्वांत मोठ्या सर्व्हरचा कागद हळूच घडी करून खिशात ठेवला. टाकला नाही.

शेवटी दोन कंपन्या उरल्या. दोघीही चार दिवस वापरून बघायला देत होत्या. पहिल्या कंपनीचा माणूस फोनवर इतका गोड बोलायचा की भाऊजी त्याला दोनदा जेवायला बोलावणार होते. दुसऱ्या कंपनीत एक बाई फोन घ्यायच्या, त्यांना कायम सर्दी झालेली.

इथे वहिनींची एक रीत सांगायला हवी. कोणी जुनं मशीन विकायला आणलं की त्या त्याचं तेलपाणी बघत नाहीत, रंग बघत नाहीत, विकणाऱ्याचं बोलणं तर अजिबात ऐकत नाहीत. ताडपत्रीच्या जाड कापडाच्या आठ घड्या घालतात आणि मशीनखाली सारतात. टीप बसली तर मशीन घ्यायचं, सुई अडली तर चहा पाजून परत पाठवायचं.

"सर्व्हरलाही आठ घड्या घालू," वहिनी म्हणाल्या.

होईलच्या तोंडून पहिल्यांदाच 'होईल' निघालं नाही. तो म्हणाला, "कशा?"

वहिनींनी ओळखीच्या सगळ्या कारागिरांना निरोप धाडला. मंगळवारी दुपारी चहाच्या वेळेला सगळ्यांनी एकदमच यादी उघडायची. एकेक सुई शोधायची नाही. सगळ्या मशीनचे सगळे भाग, फोटोंसकट मागायचे. बुधवारी तेच, दुसऱ्या सर्व्हरवर. होईलने दोन्हींवर यादीची एकेक नक्कल चढवून ठेवली. कारागिरांना हा खेळ भलताच आवडला. ज्यांना निरोप गेला नव्हता त्यांचेही फोन आले, आम्हाला का वगळलं म्हणून. एकाने विचारलं, "ताई, माझा मेहुणा शिंपी नाही, पण त्याचा मोबाइल भारी आहे. त्याला घेऊ?"

"घ्या. त्याच्या बायकोलाही घ्या."

मंगळवारी चहा काउंटरवर आला आणि कोणी त्याला हात लावला नाही. दादासुद्धा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आले. पहिला सर्व्हर सुरुवातीला झोकात धावला. भाऊजी टेबलावर ताल धरू लागले. मग पडद्यावर ते छोटं वर्तुळ आलं, फिरलं, फिरतच राहिलं. कारागिरांचे फोन येऊ लागले. "ताई, इथे नुसती चकली फिरतेय." गोडबोल्याला फोन लावला तर बासरी वाजू लागली, आणि बासरी संपली की तीच बासरी पुन्हा.

"सुई अडली," वहिनी म्हणाल्या आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

आता उरला एकच सर्व्हर, आणि शुक्रवार अगदी उंबऱ्याशी. हाही अडला असता तर तिसरा शोधायला वेळ नव्हता. भाऊजींचा हात खिशातल्या कागदाकडे जाऊन येत होता.

बुधवारी चहाच्या वेळी पुन्हा सगळे तुटून पडले. यादी उघडत होती, फोटो भराभर उतरत होते, वर्तुळाचा पत्ता नव्हता. दादा हळूच म्हणाले, "बसतेय की टीप." तेवढ्यात वहिनींनी फोन उचलून सर्दीवाल्या बाईंना लावला.

"बाई, आता आमची एक डिस्क बंद करा."

भाऊजी उडालेच. "वहिनी, चाललंय ते चालू द्या ना."

"आठवी घडी राहिलीय, भाऊजी."

फोनवर शिंक ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, "सगळे बघत असताना बंद करू? असं कोणी मागत नाही. थांबा, वरच्यांना विचारते." काउंटरभोवतीचे चौघे पडद्याकडे वाकले. होईलने डोळे मिटून घेतले. बाई फोनवर परत आल्या, "विचारलं. केली बंद."

पडद्यावर शटलचा एक फोटो उतरत होता. तो पूर्ण उतरला. त्याच्यामागे दुसरा उतरला. वहिनींनी एका कारागिराला फोन केला. "काही जाणवलं?"

"काय जाणवायचं होतं, ताई?"

भाऊजींनी होईलला मिठीच मारली. होईल म्हणाला, "झालं." दुकानात हा शब्द त्याच्या तोंडून त्याआधी कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे तेही सगळ्यांना खूप मोठं वाटलं.

गुरुवारचा दिवस सगळा मूळ डेटाबेस नव्या घरी हलवण्यात गेला. शुक्रवारी वहिनी रोजच्यासारख्या काउंटरवर उभ्या राहिल्या, फक्त चष्मा पुसायला फडकं हाताशी ठेवलं होतं. दादा काही काम नसताना त्याच त्या स्क्रूला पिळत होते. भाऊजी दर थोड्या वेळाने फोन उचलून तो चालू आहे का हे बघत होते, आणि प्रत्येक वेळी वहिनी म्हणत होत्या, "ठेवा, लागला तर कळायचा कसा?"

फोन वाजला. साहेब म्हणाले, "बाई, आमच्या पोरांनी सकाळपासून यादी पार पिंजून काढली. एकदाही थांबली नाही. आजपासून भाग तुमच्याकडून. आणि आमचे आणखी दोन कारखाने आहेत, त्यांनाही तुमचं नाव सांगतो."

वहिनी "बरं" म्हणाल्या, "आभारी आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवून काउंटरवर दोन्ही तळहात पालथे टेकून उभ्या राहिल्या. दादांनी स्क्रू खाली ठेवला. "पुढची बाजू राहू दे हं मग," असं ते कपाटाकडे बघत म्हणाले.

"राहीलच," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या की दुकानात एक दिवा जास्त लागल्यासारखं वाटतं, असं भाऊजी नेहमी सांगतात, आणि हे त्यांचं सांगणं कोणी खोडून काढत नाही.

भाऊजींना आता काय करू आणि काय नको असं झालं. खिशातून चुरगळलेला कागद निघाला, काउंटरवर सरळ केला गेला, आणि बोट थेट सर्वांत मोठ्या सर्व्हरवर जाऊन टेकलं.

"वहिनी, एकाचे तीन कारखाने झाले. मग आता हा घ्यायचा ना?"

"आधी आहे तो भरू द्या."