चाकणच्या पुढचं मिशन आणि कॅन्ससचा जो

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या आमच्या कारखान्यात नवी यंत्रं बसवायला अमेरिकन फिटर आले, त्यांत जो नावाचा एक होता. धिप्पाड, सावळा, काळेभोर केस. पहिल्या दिवशी आमची माणसं त्याच्याशी बिनधास्त मराठीतच बोलली! मी बावीस वर्षांचा, नकाशे काढणारा, आणि इंग्रजी बरं म्हणून त्याचा दुभाषी. एकदा डबा खाताना मी सहज म्हणालो, चाकणच्या पुढे एका अमेरिकन पाद्र्याचं जुनं मिशन आहे, हल्ली बंद असतं. जोने हातातली भाकरी खाली ठेवली.

"रविवारी जाऊ," तो म्हणाला. "मी मिशनच्या शाळेत वाढलोय."

भाड्याच्या दोन सायकली घेतल्या, दिवसाचे बारा आणे. जोला एकही सायकल पुरेना, गुडघे हँडलला लागत. भोसरीवरून मोशीपर्यंत रस्ता बरा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी. मोशीला इंद्रायणीच्या काठावर टेकलो आणि तिथे जोने आपली हकिगत सांगितली.

त्याचे लोक पोटावाटोमी, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींपैकी, मूळचे मोठ्या सरोवरांच्या काठचे. तिथे पाद्री आले, लाकडी प्रार्थनाघर उभं राहिलं, त्यांच्या भाषेत भजनं रचली गेली. मग शंभरेक वर्षांपूर्वी सरकारला जमीन हवी झाली. सैनिकांनी बंदुकीच्या धाकाने सगळ्यांना शेकडो मैल पश्चिमेला हाकललं. तापाने मुलं गेली, ती रस्त्याकडेला पुरली. एक तरुण पाद्री त्यांच्यासोबत गेला आणि त्या प्रवासाने खचून थोड्याच दिवसांत वारला. पुढे कॅन्ससच्या माळावर पुन्हा मिशन उभं राहिलं. पण जो शाळेत जायला लागला तोवर आपल्या भाषेत बोललं की छडी बसायची.

"मग मिशनवाले चांगले की वाईट?" मी विचारलं.

"बरोबर आला त्याला मी मानतो. छडीवाल्याला नाही. झगा दोघांचा सारखाच होता."

चाकणला बाजाराजवळ गरम भजी आणि चहा घेतला, दोघांचे सहा आणे. हॉटेलमालकाने जोला विचारलं, "पाव्हणं कुठलं, राव?" मी "अमेरिका" म्हटल्यावर तो हसतच सुटला.

तिथून डोंगराकडे बैलगाडीची वाट. शेवटचा मैल सायकली हातात धरून चाललो. मिशन म्हणजे दगडी प्रार्थनाघर, शाळेचे पडके वर्ग आणि एक खोली. त्या खोलीत सोनाबाई राहत होती. सत्तरीची, ठाकर समाजातली. शाळेच्या पहिल्या मुलींपैकी ती एक, पुढे तिथल्याच मास्तरांची बायको झाली. मास्तर करंजाच्या झाडाखाली पुरलेले. पाद्री कधीच परत गेले होते.

जो प्रार्थनाघरात बसला आणि हळू आवाजात आपल्या भाषेतलं भजन म्हणू लागला. सोनाबाईने मांडीवर ताल धरला. संपल्यावर ती आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. महिनाभर न फोडलेलं.

"इंग्रजी हाय. गावात कुनाला येत न्हाई."

"पुण्यात कुणाकडून वाचून घ्यायचं, मावशी."

"वाचलं असतं, तर खरं झालं असतं."

मी फोडलं, जोही माझ्या खांद्यावरून वाचू लागला. मिशनच्या सोसायटीने जागा विकायचं ठरवलं होतं. सोनाबाईने वर्षअखेरीला पुण्याच्या वृद्धाश्रमात यावं, तिथे सोय केली आहे. मी मराठीत सांगितलं. ती पदराने उंबरा पुसत राहिली.

"सोय चांगली आहे," मी म्हणालो. "औषधपाणी मिळेल."

जोने माझा दंड धरला. "तिला जायचंय का? विचार. आमच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं."

मी विचारलं. सोनाबाईने मान वर केली.

"लिव. मी हितं सात वर्सांची आले. मास्तर हितं हायेत. मी न्हाई येत."

पायरीवर बसून मी इंग्रजीत लिहिलं. जोने वाचलं आणि 'नम्र विनंती' या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे खोड. ती विनंती करत नाहीये."

मी खोडलं. सोनाबाईने खाली ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलं, मग आम्हाला नाचणीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. जोचे डोळे पाण्याने भरले, पण त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला.

उत्तर दीड महिन्याने माझ्या पत्त्यावर आलं. जो तोवर मायदेशी परतला होता. मी एकटाच सायकलवर गेलो आणि तिला वाचून दाखवलं: आजूबाजूची जमीन विकली जाईल, पण खोली आणि कबरीची जागा तिची राहील.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली. मी वाचलं.

ती आणखी सहा वर्षं तिथेच राहिली. मास्तरांशेजारी तिला पुरलं, तेव्हा आम्ही अकरा माणसं होतो.

आज नात मला गाडीने तिकडे घेऊन गेली. तुम्हाला जायचं असेल तर सकाळी सहाच्या आत निघा, शिफ्टच्या बसगाड्यांत अडकलात तर दोन तास गेलेच. प्रार्थनाघर उरलं नाही, खोलीही नाही. तिथे आता मोठा कारखाना आहे. चिंचवडला घरी आलो आणि लगेच हे लिहायला बसलो, कारण एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलेना. त्या कारखान्याची भिंत नाकासमोर सरळ जाते आणि करंजापाशी येऊन, दोन कबरी बाहेर ठेवून, वळसा घेते.