भातकापणीत खणलेली कबर

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पण तो माझ्या घरी आहे का, हा प्रश्न मात्र पडायचा, आणि लई दिवस पडत होता. आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, हळूहळू वाचाही गेली. तेव्हापासून त्यांना कुशीवर वळवायचं, पेज भरवायची, अंग पुसायचं, चादरी धुऊन वाळत घालायच्या, एवढंच माझं जगणं झालं होतं. प्रार्थनेला बसले की "प्रभू" म्हणायचे आणि तिथंच डोळा लागायचा. जाग आली की पुढं काय म्हणायचं होतं ते आठवायचं नाही. चौथी शिकलेली बाई मी, मोठं काही मला कळत नाही. पण माणूस थकला की त्याचा विश्वाससुद्धा थकतो, हे मी अंगावर काढून शिकले. विश्वास जात नाही हो, पण भिंतीला टेकून बसतो.

विंझरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी आहे. हे धरणाच्या कामावर गाडी चालवायला आले आणि काम संपल्यावर इथंच रमले. साऱ्या वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी नसरापूरला एसटी बदलून आम्ही भोरला जायचो, तिथं एका घरी उपासना असायची. आजारपणात तेही सुटलं. वाचा शाबूत होती तेव्हा ह्यांनी मला एकदा सांगून ठेवलं होतं, "मला पुण्याला नेऊ नको. घरामागच्या माळात ठेव, तिथनं डोंगर दिसतो." मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय लागतं.

ऐन भातकापणीचे दिवस होते. सकाळी पेज घेऊन गेले तर हे प्रभूत निजलेले. खरं सांगते, मला रडू आलं नाही. मी आधी पेज झाकून ठेवली, त्यांचे डोळे मिटले, मग लेकीला फोन लावला. ती पुण्याहून निघते म्हणाली. पाळकसाहेब परजिल्ह्यात गेले होते. ते म्हणाले, "ताई, मी उद्याच पोचेन. माती आजच उरकून घ्या, प्रार्थना तुम्ही करा." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, पण प्रार्थना कुठून आणायची ते मला माहीत नव्हतं.

आणि त्याच्याआधी कबर कुणी खणायची? आमच्या वाडीत माणूस गेला की लाकडं गोळा करतात, कुदळ कुणी आणत नाही. त्यात आभाळ भरून आलेलं. कापलेलं भात खाचरात पसरलेलं होतं आणि लहानथोर सगळे ते गोळा करायला धावत होते. ते भिजलं तर वर्षाची मेहनत गेली. कुणाच्या बांधावर जाऊन म्हणू, की तुमचं पीक टाका आणि माझ्या माणसासाठी खड्डा खणा? मी उंबऱ्यात बसले आणि म्हटलं, प्रभू, आता मला मागायचंसुद्धा होत नाही. तूच बघ. एवढंच म्हटलं. त्याला प्रार्थना म्हणावं की कुरकूर, ते त्यालाच ठाऊक.

मी हाक मारली नव्हती, तरी शेजारचा ज्ञानोबा आला. विळा कंबरेला तसाच, मागं आणखी चौघं-पाचजण.

"मावशी, तुमच्यात पुरत्यात न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय रे बाबा. पण तुमचं भात..."

"भात ऱ्हाऊ द्या. शंकरबुवास्नी घिऊन येतो. पुरायचं त्यास्नीच ठावं."

शंकरबुवा म्हणजे वाडीतले म्हातारे गोसावी. त्यांच्या घरातही माणसाला जाळत नाहीत, पुरतात. त्यामुळे बुवांनी जागा पाहिली, आखून दिली, आणि माणसं खणायला लागली. दुपारपर्यंत लेक आली. आम्ही दोघींनी ह्यांना आंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला. मग मी माळावर गेले.

खड्डा फार निगुतीनं खणला होता. गोल, अरुंद आणि माणूस गळ्यापर्यंत आत जाईल इतका खोल. बुवा मोठ्या समाधानानं म्हणाले, "वहिनी, पाठ टेकाय मागनं कोनाडा बी काढलाय."

मग माझ्या ध्यानात आलं. गोसाव्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. मला आधीच सांगायला हवं होतं, पण सांगायचं सुचलंच नव्हतं.

मी म्हटलं, "बुवा, आमच्यात निजवतात."

मग मागून एक जण म्हणाला, "इतकी वर्सं निजूनच काढली त्यांनी. बसू द्या की आता जरा."

"गप ए," ज्ञानोबा त्याच्यावर खेकसला. पण माझी लेक रडता रडता हसली, आणि मलाही हसू आलं. हे असते तर तेही हसले असते.

हसून झालं तरी अडचण तिथंच होती. खाली मुरूम लागला होता, टिकाव उडत होता. ज्ञानोबाच्या हाताला फोड आले होते. तो एकदा आभाळाकडं बघायचा, एकदा खालच्या खाचराकडं. जायचं नाव मात्र काढत नव्हता. मी इतकी थकले होते की "बसवा" हा शब्द अगदी ओठावर आला. देव काय निजवलेल्यालाच घेतो आणि बसवलेल्याला नाही, असं का? पण लेकीचा चेहरा बघून मला बोलवेना.

तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो थांबला. इंजिन तापलं होतं. पाण्याच्या पाइपासाठी चर खोदत गावोगाव फिरणारी मजूर माणसं होती, मराठवाड्याकडची असावीत. त्यातली एक बाई कॅन घेऊन पाणी मागायला वर आली. माझ्या कपाळाकडं, खड्ड्याकडं, माणसांच्या हातांकडं तिनं पाहिलं.

"कोण गेलं, आई?"

"मालक गेले. निजवायचं होतं, खड्डा उभा झाला."

तिनं पुढं काही विचारलं नाही. जात नाही, धर्म नाही. रस्त्याकडं वळून तिनं हाक दिली, "उतरा रं सगळे. हत्यारं घ्या. लांब चर काढायचीय."

आमची माणसं बाजूला झाली. त्या लोकांनी खड्ड्याच्या कडेपासून सरळ चर धरली. बुवांचा कोनाडा उशाकडं राहिला. थोड्या वेळात ह्यांच्या उंचीची जागा तयार झाली. ज्ञानोबा आणि बाकीच्यांनी ह्यांना अलगद खाली ठेवलं आणि सगळे माझ्याकडं बघत उभे राहिले, टोप्या हातात घेऊन.

मी म्हटलं, "प्रभू, हा माणूस तुझा. मी जपला तेवढा जपला. आता माझ्याच्यानं होत नाही, तू घे." पुढं शब्द नव्हते आणि लागलेही नाहीत. लेक आमेन म्हणाली, बुवा नमो नारायण म्हणाले, त्या बाईनं मूठभर माती टाकली. मी चहा ठेवायला आत गेले, तोवर कॅन भरून टेम्पो निघूनही गेला होता.

संध्याकाळी पाऊस आलाच. ज्ञानोबाचं खालचं खाचर भिजलं. हे मी लपवणार नाही, कारण माझ्यावर कृपा झाली तेव्हा दुसऱ्याचं भात पाण्यात होतं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, आणि मी तशीच खाचरात गेले, ओल्या पेंढ्या उलटायला. मनात होतं, जमेल तेवढं फेडू. ज्ञानोबाची बायको हौसा भिजलेलं भात बांधावर पसरत होती. तिनं माझ्या हातातली पेंढी काढून घेतली आणि भाकरीवर चटणी घालून पुढं केली.

"आधी खावा," ती म्हणाली. "कालपासनं भाकर न्हाई थापली तुमी, दिसतंय मला."

मी म्हटलं, "अगं, तुमचं एवढं नुकसान..."

"ते बघू आमी. खावा."

मला वाटायचं, देवावर भार टाकणं म्हणजे मोठी श्रद्धा लागते, मोठं बळ लागतं. तसं काही नाही हो. बळ संपलं की मग जे हातात येतं ते नाही न म्हणता घ्यायचं, एवढंच असतं. देव काल सकाळपासून देतच होता, मीच फेडायला निघाले होते. मी बांधावर टेकले, मान खाली घालून आभार मानले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.